हिंगोली ते कळमनुरी, बावीस मिनिटं

आज सकाळी रूळ पुसले आणि फडकं पिवळं निघालं.

म्हणजे हळद सुरू झाली. कॅलेंडर बघायचं काम नाही. गावाबाहेर कुणाच्या तरी शेतात पॉलिशचा पहिला ड्रम फिरला असणार. वाळलेली हळकुंडं त्यात एकमेकांवर घासतात, साल सुटते आणि तिचं पीठ वाऱ्यावर चढून गावात येतं. ते दोरीवरच्या धुण्यावर बसतं, दुधाच्या सायीवर बसतं, शाळेत माझ्या टेबलावर बोट फिरवलं तर बोटाला लागतं. आणि माझ्या खोलीत भिंतीच्या कडेनं, कमरेएवढ्या उंचीच्या फळीवर जे दोन रूळ टाकलेले आहेत, त्यांच्यावरही बसतं. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. माझा अंगठा जेमतेम मावेल एवढं.

या छोट्या गाडीचं इंजिन वीज रुळांतूनच घेतं. चाक आणि रूळ यांच्यामध्ये चिमूटभर पीठ आलं तरी त्याचा दिवा मिचमिचतो आणि ते जागच्या जागी उभं राहतं. म्हणून रोज सकाळी आधी रूळ पुसायचे. जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर स्पिरिटचे चार थेंब, आणि आपलं उजव्या हाताचं पहिलं बोट. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग फडकं उलटून बघायचं. चहा त्याच्यानंतर.

ही रीत माझी नव्हे, हिंगोलीच्या आप्पांची. आणि दरवर्षी फडकं पहिल्यांदा पिवळं निघतं त्या सकाळी मला एकच वर्ष आठवतं. बाकीची वर्षं आली आणि गेली. ते वर्ष अजून माझ्या बोटाला लागलेलं आहे.

मी कळमनुरीच्या पुढच्या डोंगरकडा गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, मला त्याचा संकोच वाटत नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला हिंगोलीत खोली भाड्यानं घेतली ती आप्पांच्या घरी. आप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. घराण्यात देवळाची पूजा चालत आलेली, पण ती धाकट्या भावाकडे गेली होती. खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, दारातच सांगून टाकलं, "हे बघ पोरी, या घरात दुसरा काही त्रास नाही. धाकट्या दिरांनी देव घेतला आणि आमच्या यांनी रेल्वे घेतली. साडेपाचला उठून बसतात तिच्यापाशी. तुला चालत असंल तर राहा."

चालण्याचा प्रश्न नव्हता. मला तर साडेपाचला अभ्यासाला उठायचंच होतं. घरात दिवा लागायचा तो दोनच ठिकाणी, माझ्या पुस्तकावर आणि मधल्या खोलीत आप्पांच्या रुळांवर.

त्यांची आंघोळ झालेली असे. कपाळाला गंध. पण देवघराकडे न वळता ते आधी मधल्या खोलीत जात. तिथं मोठ्या लाकडी फळीवर जुनं हिंगोली स्टेशन होतं. जुनं म्हणजे छोट्या लाइनच्या काळातलं. ती लाइन उखडून मोठी लाइन टाकली त्याला खूप वर्षं झाली, पण आप्पांच्या फळीवर ती जशीच्या तशी होती. कयाधू नदीची वाळू तीन वेळा चाळून रुळांखाली पसरलेली. तुराटीच्या शेंड्यांची झाडं. औषधाच्या डबीची पाण्याची टाकी. फलाटावर बोटाच्या पेराएवढा घंटेचा खांब. इंजिन पितळी पत्र्याचं, आत जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर.

"देवाला एक दिवस अत्तर लावलं नाही कधी," काकू चुलीजवळून म्हणत. चूल म्हणजे गॅस, पण काकू चूलच म्हणत. "आणि रुळांना रोज स्पिरिट!"

"देव जागचा हलत नाही," आप्पा म्हणत. "त्याला धूळ चालते."

असे लोक देशात बरेच आहेत म्हणे. आप्पांना रूळ पाठवणारे एक गृहस्थ हैदराबादला होते, ते फोनवर आधी "पुसून झाले का?" असं विचारत आणि मग "कसे आहात" विचारत. कुणी मुंबईत, कुणी कोइमतूरला. सगळ्यांची सकाळ फडक्यानं सुरू होते. मला तेव्हा वाटायचं, मोठ्या माणसांनी खेळण्यापायी एवढं करावं? आमच्याकडे एवढ्या वेळात दोन म्हशींचा गोठा झाडून होतो.

पण आप्पांची खरी सकाळ पुसण्यानंतर सुरू व्हायची. सहा चाळीसला. गाडी फलाटाला लावलेली, इंजिनामागं चार डबे. आप्पा खुर्चीवर ताठ बसत, मोबाईल उचलून कळमनुरीला फोन लावत आणि कचेरीतल्या आवाजात म्हणत, "हिंगोली बोलतोय. गाडी तयार आहे. लाइन क्लिअर?"

पलीकडून आवाज येई, "कळमनुरी. लाइन क्लिअर हाय. नंबर घ्या, बासष्ट."

आप्पा वहीत बासष्ट लिहीत. मग खटका दाबत. गाडी हलके निघे, फलाट सोडी, वळण घेई आणि फळीच्या शेवटी भिंतीतल्या कपाटात शिरे. कपाटाचं दार लागलं की गाडी हिंगोलीहून गेली.

आणि बावीस मिनिटांनी तिकडं कळमनुरीत, दुसऱ्या एका घरात, दुसऱ्या एका कपाटातून अगदी तसंच इंजिन आणि तसेच चार डबे बाहेर येत. मग फोन वाजे. "गाडी पोहोचली आप्पा. शेवटचा डबा दिसला."

कळमनुरीला रेल्वे नाही. कधीच नव्हती. तिथं एसटी स्टँड आहे, नांदेडचा रस्ता आहे, आठवडी बाजार आहे. ज्यांच्या घरात रेल्वे होती ते शामराव शेतकरी, घरची हळद, घरचा बैलबारदाना. पाण्याच्या अर्जासाठी ते आप्पांच्या कचेरीत गेले होते. आप्पांच्या टेबलावर काडेपेटीएवढा सिग्नल दिसला. अर्ज राहिला बाजूला, आणि बोलणं सिग्नलवर गेलं. पुढं दोन्ही इंजिनं शामरावांनी स्वतःच्या हातानं घडवली. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा विचारलं होतं, "काका, कळमनुरीला तर रेल्वेच नाही."

"न्हाई आली," ते म्हणाले. "वाट बघून बघून आमीच आणली. आता कलेक्टरनं येऊन नारळ फोडायचा बाकी हाय."

ती बावीस मिनिटं गाडी कुठं असते, असं मी एकदा आप्पांना विचारलं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, मला असले प्रश्न पडत. इकडच्या कपाटात एक गाडी, तिकडच्या कपाटात एक. दोन्ही उभ्या.

आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "सेक्शनमध्ये," ते म्हणाले. "दोन स्टेशनांच्या मधल्या लाइनवर. धावत असते."

त्या बावीस मिनिटांत ते पूजेला जात नसत, चहा घेत नसत. खिडकीतून दक्षिणेकडं बघत बसत. तिकडं शेतं. हळदीचा पाला कापून झालेला, जमीन उघडी पडलेली, मधून मधून हळद शिजवायच्या कुकरचा धूर. हळद शिजते तेव्हा ओल्या मातीला औषधाचा वास लागावा तसं वाटतं. त्या धुरातून एक चार डब्यांची गाडी चालली आहे असं ते बघत होते की काय, मला ठाऊक नाही. हळूहळू मीसुद्धा पुस्तक मिटून त्या खिडकीशी उभी राहू लागले, एवढं मात्र ठाऊक आहे.

त्याच हंगामात, महाशिवरात्रीच्या आसपास, एका सकाळी कळमनुरीनं फोन उचलला नाही.

आप्पांनी तीनदा लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी फलाटाला उभी. संध्याकाळी कळलं, शामरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नांदेडला दवाखान्यात नेलं आहे.

आप्पा जाऊन बघून आले. दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठून त्यांनी रूळ पुसले, गाडी लावली, सहा चाळीसला फोन केला. उत्तर नाही. सात वाजून दोन मिनिटांपर्यंत खुर्चीत बसून राहिले, मग उठून पूजेला गेले. तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी तेच. शामराव दवाखान्यातून घरी आले तरी तेच.

"अहो, ते बोलू शकत नाहीत," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तुम्ही आपली इथल्या इथं फिरवा ना गाडी. बघायला कोण येतंय?"

"लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय गाडी सुटत नाही," आप्पा म्हणाले.

त्यांचं जेवण कमी झालं. रूळ मात्र लख्ख. मला ती उभी गाडी बघवेना. परीक्षा तोंडावर आली होती आणि मी पुस्तकात डोकं घालून त्या खुर्चीची करकर ऐकत होते.

मग मी एक चूक केली. ती चूक असते हे सुद्धा रुळांच्या नादी लागलेल्यालाच कळेल. दुसऱ्या कुणी तिला चांगुलपणा म्हटलं असतं.

शनिवारी मी पहिल्या एसटीनं घरी निघाले होते. वाटेत कळमनुरीला उतरले आणि शामरावांच्या घरी गेले. ते खाटेवर पडलेले. मला ओळखलं, डाव्या हातानं माझं मनगट धरलं, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांची सून मंदावहिनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सारं समजतं त्यान्ला. फकस्त बोलता येत न्हाई." रेल्वेची खोली त्याच भिंतीच्या पलीकडं. मी दारातून डोकावले. आत हळदीची पोती. छतापर्यंत नव्हती, पण फळीवर, रुळांवर, स्टेशनावर, सगळीकडं एकावर एक. "काय करावं बाई," मंदावहिनी म्हणाली. "हे मामाजींसंगं नांदेडला व्हते, हळद उघड्यावर पडली व्हती. पावसाचं वातावरण झालं. जागा दिसली तिथं टाकली."

सहा चाळीस व्हायला आले होते. मी शामरावांचा मोबाईल घेतला, दारात उभी राहिले आणि आप्पांना लावला.

एका वाजण्यात उचलला. "शामराव?"

"आप्पा, मी सविता. काका बरे आहेत. त्यांच्या वतीनं सांगते. कळमनुरी, लाइन क्लिअर."

पलीकडं वहीचं पान उलटल्याचा आवाज. मग, "नंबर?"

नंबर कसे ठरतात ते मला माहीत नव्हतं. तोंडाला आला तो सांगितला. "सत्तेचाळीस."

"रुळांवरून बोट फिरवून बघितलंस?"

माझ्यासमोर दहा पोती होती. "बघितलं," मी म्हणाले.

"बरं," आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला.

मला इतकं हलकं वाटलं की मी डोंगरकड्यापर्यंत एसटीत उभीच राहिले, जागा असून. सोमवारी परत आले. मधल्या खोलीत गाडी फलाटाला होती तशीच उभी होती. इंजिनाच्या टपावर धुळीचा पातळ थर. माझ्या फोननंतरही ती हलली नव्हती.

"काहून सोडली नाही?" मी विचारलं.

आप्पांनी वही माझ्यापुढं ठेवली. शामरावांनी एका कागदावर दोन आकडी नंबर उलटसुलट लिहून ठेवले होते. दर गाडीला एक द्यायचा आणि खोडायचा. एका कागदात एक नंबर एकदाच; कागद संपला की नवा. वहीत संक्रांतीच्या दिवसासमोर सत्तेचाळीस लिहिलेलं होतं.

"मी इथून कळमनुरी बघू शकत नाही," आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तू तिथं उभी आहेस. तू बघून सांगतेस आणि मी सोडतो. लाइन क्लिअर म्हणजे एवढंच असतं. तू बघितलं नव्हतंस."

"पोती होती," मी म्हणाले. मग मला राग आला. मी काही कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही. "पण आप्पा, खेळण्यातली गाडी आहे. तुमच्यासाठीच बोलले मी. कोण मरणार होतं?"

आप्पांनी वही मिटली आणि काकूंना म्हणाले, "चहा टाका पोरीला. प्रवासातून आलीय."

मी चहा घेऊन माझ्या खोलीत गेले. त्या रात्रीच नव्हे, त्या साऱ्या आठवड्यात तेच. पुस्तक उघडलं की ओळीऐवजी दुसरंच आठवे.

आमच्या घरात वाचणारी मी एकटी. बाबांना अक्षर येत नाही. बियाण्याची पिशवी, फवारणीच्या बाटलीवरचा कागद, तलाठ्याची नोटीस, आईच्या गोळ्यांचं पाकीट, सगळं मीच वाचून दाखवायची. मी वाचीन ते खरं. बाबांनी कधी दुसऱ्याकडून पडताळून घेतलं नाही. आणि अकरावीच्या सहामाहीला मी दोन विषयांत नापास झाले तेव्हा गुणपत्रक त्यांच्यासमोर धरून मी म्हणाले होते, "सगळ्यांत पास आहे बाबा." ते खुशीत पारावर जाऊन सांगून आले. बारावीला मी चांगले गुण मिळवले, विषय संपला असं मला वाटलं होतं. संपला नव्हता. गाडी सुटली होती आणि समोर पोती होती, एवढंच. धडक झाली नाही हे माझं नशीब, माझा खरेपणा नव्हे.

पुढच्या रविवारी घरी गेले आणि बाबांना सांगितलं. ते बैलांना पेंड घालून राहिले होते. हात न थांबवता म्हणाले, "मला ठावं व्हतं."

"कसं?"

"तू वाचताना ओळीखाली बोट फिरवतीस. मला काय बी समजत न्हाई, पर म्या तुझ्या बोटाकडं बघत असतो. त्या दिशी तू बोट न्हाई ठिवलं."

मग जरा वेळानं, "पास झालीस ना मागून? मग रडून काय राहिली?"

मी त्यांना आप्पांची गोष्ट सांगितली, पोत्यांची सांगितली. बाबांनी सारी ऐकून घेतली. "म्हंजी दोन म्हातारे," ते म्हणाले, "आन् दोघांच्या मधी गाडी न्हाई, काय न्हाई, निस्ता शबुद?"

"व्हय."

"चल मग, पोती हालवू."

आमच्या शेजाऱ्याचा टेम्पो बाजार समितीच्या मोंढ्याला निघाला होता, त्यात बसून आम्ही कळमनुरीला गेलो. बाबांनी आणि मी पोती पाठीवर घेऊन ओसरीत आणली, वर ताडपत्री टाकली. बी.एस्सी. होत आलेली पोरगी पोतं उचलते म्हणून मंदावहिनीला वाईट वाटत होतं. मला नाही वाटलं. पाठ माझी, हळद त्यांची. पोती निघाली तेव्हा खाली स्टेशन होतं, दबलेलं, पिवळंधमक. दोन झाडं मोडली होती. एक रूळ वाकला होता; शामरावांची खाट दाराशी ओढली, तिथून खुणा करून तो त्यांनी माझ्याकडून सरळ करून घेतला. मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात मंदावहिनीनं मदत म्हणून भांड्यांची तारेची घासणी घेतली आणि वीतभर रूळ चांदीसारखा चकचकीत केला. शामराव खाटेवर हात आपटायला लागले. रूळ घासायचा नसतो. ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत हळद बसते ती बसते. पुसायचा असतो.

मग खाट त्या खोलीत आणली. वाचा नव्हती, पण डावा हात होता. उशाशी स्टीलचा पेला ठेवला, हातात चमचा दिला. खटका मंदावहिनी दाबणार. कागदावरचा पुढचा नंबर चमच्यानं वाजवायचा, आधी दहाचं घर, मग थोडं थांबून एकाचं. गाडी पोहोचली, शेवटचा डबा दिसला, की दोन टोले. ही युक्ती माझी नाही. शामरावांनीच पेला मागून घेतला होता.

दुसऱ्या सकाळी सहा चाळीसला मी हिंगोलीत आप्पांच्या खुर्चीमागं उभी होते. काकू हातातलं उलथनं तसंच धरून दारात. आप्पांनी फोन लावला, "हिंगोली बोलतोय. गाडी तयार आहे. लाइन क्लिअर?"

टण, टण. मग काही क्षण गेले. टण, टण, टण, टण, टण, टण, टण.

"सत्तावीस," आप्पा म्हणाले. त्यांनी वही चाळून बघितली. या कागदातला सत्तावीस आधी कुठं नव्हता. मग खटका दाबला, आणि गाडी निघाली.

काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बावीस मिनिटं आहेत. तोवर थालीपीठ करपलं तर मला बोलू नका."

तो हंगाम असा गेला. सकाळी पेल्याचे टोले, मग बावीस मिनिटं खिडकी, मग दोन टोले, मग पूजा. मोंढ्यात हळदीच्या गाड्यांची रांग लागलेली, सारं हिंगोली पिवळं, परीक्षेला जाताना चपलेचे ठसे पिवळे उमटत. उत्तरपत्रिकेच्या कडेला माझ्या बोटाचा पिवळा डाग पडला होता, तो खोडता आला नाही.

शेवटच्या पेपरच्या दिवशी टोले पडले ते आठ आणि तीन. त्र्याऐंशी. टोले स्पष्ट होते, जरा सावकाश. आप्पांनी लिहिलं, गाडी सोडली. मी खिडकीशी उभं राहून सूत्रं घोकत होते.

सात वाजून दोन मिनिटं झाली. टोले आले नाहीत. सात वाजून पाच. आप्पांनी फोन लावला नाही, कारण आता बोलायची पाळी कळमनुरीची होती. वीस मिनिटांनी फोन वाजला. मंदावहिनी होती. "आप्पा," ती म्हणाली, "मामाजी गेले. गाडी यायची वाट बघत व्हते. म्या खटका दाबायला वळले आन् मागं बघितलं तर..."

आप्पा मिळेल त्या एसटीनं गेले. मी पेपर द्यायला गेले. कसा लिहिला आठवत नाही, पण पास झाले, हे खरं आहे आणि गुणपत्रकावर बोट ठेवून दाखवू शकते.

त्यानंतर आप्पा रोज रूळ पुसत, आणि फळीवर फलाट रिकामा. गाडी कपाटात. "बाहेर तरी काढा," काकू एकदा म्हणाल्या, "गंजून जाईल."

"ती कपाटात नाही," आप्पा म्हणाले. "ती सेक्शनमध्ये आहे. सुटली आहे, पोहोचलेली नाही."

मी त्या वेळी हसले नाही. कोण मरणार होतं, असं विचारणारी मीच होते.

तेरावा झाल्यावर मी खोली सोडली. वळकटी, पुस्तकांची पेटी, एसटी. कळमनुरीला उतरले. मंदावहिनीनं खोली उघडून दिली. खाट उचलून नेली होती, पेला आणि चमचा फळीच्या कोपऱ्यात होते. कपाटाचं दार उघडलं. आत इंजिन आणि चार डबे, त्या सकाळी होते तसे. मी पेटीतून आप्पांनी दिलेलं धोतराचं फडकं काढलं, स्पिरिटचे थेंब टाकले आणि कपाटापासून फलाटापर्यंत एकही इंच न सोडता बोट फिरवलं. फडकं पिवळं झालं, उलटलं, पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा पांढरं राहिलं. मग खटका दाबला.

गाडी बाहेर आली. घासणीनं घासलेल्या वीतभर जागेत इंजिन अडखळलं, दिवा मिचमिचला. मग ते पुढं सरकलं आणि फलाटाला लागलं.

आप्पांना फोन लावला. "कळमनुरी बोलतेय. गाडी पोहोचली."

मग कचेरीतला आवाज आला, पण त्याला मध्ये मध्ये भेगा होत्या. "शेवटचा डबा दिसला?"

मी म्हणू शकले असते, दिसला. मला माहीतच होतं, चारच डबे असतात. पण मी फोन फळीवर ठेवला, वाकून फलाटाच्या टोकाला गेले, आणि डबे बोटानं मोजले. एक, दोन, तीन, चार. चौथ्याच्या पाठीला शामरावांनी लावलेला लाल मणी होता. गाडी मध्ये कुठं तुटली नाही, पूर्ण आली, याची ती खूण.

"दिसला आप्पा. लाल मणी आहे."

"बरं," ते म्हणाले. मग फोनवर मला पेनाचा आवाज ऐकू आला. ते लिहीत होते. मग काकूंचा आवाज, "या आता, पूजा राहिली आहे." आणि मग आप्पा कुणाशी बोलावं तसं नव्हे, स्वतःशीच म्हणाले, "सेक्शन मोकळा झाला."

मी आता कळमनुरीच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि शामरावांच्या घरातली तीच खोली भाड्यानं घेतली आहे. दर हंगामाला मंदावहिनी दारात येऊन विचारते, "मॅडम, यंदा पोती कुठं ठिवू?" आणि दोघी हसतो, कारण ओसरीवर पत्रे टाकून घेतलेत. शामरावांच्या कागदावरचे उरलेले नंबर मी वापरले नाहीत. तो कागद भिंतीवर आहे. माझे नंबर मी माझ्या हातानं लिहिते. घासलेल्या वीतभर जागेत इंजिन अजूनही अडखळतं. तिथं मी वेग कमी करते. आप्पांना आता दिसतं कमी. हिंगोलीचे रूळ काकू पुसतात, आणि फडक्याला स्पिरिट आप्पांपेक्षा जास्त घालतात.

आज पिवळं फडकं हातात घेऊन मी अर्ध्या रुळांपर्यंत आले होते, तेवढ्यात फोन वाजला. सहा चाळीस.

"हिंगोली बोलतोय. गाडी तयार आहे. लाइन क्लिअर?"

समोर कपाटापासून वळणापर्यंत रूळ स्वच्छ दिसत होते. पुढचेही स्वच्छच दिसत होते.

"नाही आप्पा," मी म्हणाले. "अजून अर्धी बघायची आहे. थांबा."

"थांबतो," आप्पा म्हणाले.

फोन चालूच होता. तिकडून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत राहिला, खुर्ची एकदा करकरली. मी फडकं उलटलं आणि वळणाच्या पुढं बोट ठेवलं.